खुंटीपर्यंतचं पाणी

परवा हस्त लागला. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधीच मी राईतून खाली उतरले आणि खुंटी बघून आले. गुडघ्याएवढी लाकडी खुंटी, वरच्या टोकाला लाल रंग फासलेला. कोरडी ठणठणीत. बुडाशी मुंग्यांनी घर करायला घेतलंय. तळ्याचं पाणी तिच्यापासून इतकं लांब, की मधल्या चिखलात बगळे निवांत फिरत होते. घरी आले तर आमचे हे ओट्यावर बसून दात घासत होते. ‘आलीस का हजेरी देऊन?’ म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. माझं तोंड एकदा उघडलं की लवकर मिटत नाही, आणि मला चहा हवा होता.

गेल्या साली याच दिवसांत याच पाण्याला मी रोज शिव्या घालत होते. मनातल्या मनात. मोठ्यानं घालायची सोय नव्हती. परभणी जिल्ह्यात राहून पावसाला ‘थांब’ म्हणणारी बाई कुणी पाहिली असती, तर लोकांनी तिला येड्यात काढलं असतं.

आमची जमीन ताडकळसच्या पुढं आडवाटेला आहे. वरच्या अंगाला राई. करंज, जांभूळ, चिंच, हिवर, बाभळी, कुणी लावलेली नाहीत, आपली आपण वाढलेली. सासऱ्यांनी तिला कधी कुऱ्हाड लावू दिली नाही आणि तो हट्ट यांच्यातही उतरलाय. खालच्या अंगाला तळं. तेही कुणी बांधलेलं नाही. जमिनीलाच तिथं खोलगट बूड आहे, पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात भेगाळतं. एका बाजूला काळ्या दगडाची आडवी कड आहे, तिला गाव ‘उंबरा’ म्हणतं. तळं काठोकाठ भरलं की पाणी उंबरा ओलांडतं आणि ओढ्यानं खाली जातं. ओढ्याकाठच्या विहिरींना पाणी येतं ते तेव्हा, त्याआधी नाही.

पाण्यानं उंबरा ओलांडला, की गावातल्या बायका तळ्याची ओटी भरायला येतात. खण, नारळ, ओंजळभर गहू, हळदकुंकू. पहिली ओटी राईवाल्यांच्या सुनेची, कारण काठ आमचा. सासूबाई गेल्यावर हा मान माझ्याकडं आला. सासूबाईंनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. उंबरा ओलांडायच्या आदी ओटी भरायची न्हाई. भरली तर पाण्याला वाटतं आपलं काम झालं, ते तिथंच थांबतं. मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. सासूबाईंच्या अशा पुष्कळ गोष्टी होत्या, मंगळवारी झाडू विकत आणायचा नाही इथपासून सुरू व्हायच्या.

राई आणि तळं यांच्या मधे उघडा पट्टा होता, तिथं नर्सरी टाकायची कल्पना माझी. हे म्हणाले होते, ‘झाडं फुकट उगवत्यात. इकत कोण डोंबल घेणार?’ मी जांभळीखाली सडा पडलेल्या बिया गोळा केल्या, करंजाच्या शेंगा फोडल्या, आणि काळ्या पिशव्यांत माती भरायला बसले. ती रोपं ताडकळसच्या बाजारात नेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आले, तेव्हा यांनी टोपलीत दोनदा डोकावून बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात यांनीच मुरूम टाकून पट्टा उंच केला, सिमेंटमध्ये लोखंडी खांब रोवले आणि वर हिरवी शेडनेट ताणली. राईतलं एकही झाड न तोडता जागा झाली, म्हणून स्वारी भलतीच खूश होती.

त्या नेटखालची दुपार मला अजून आठवते. सगळं हिरवट दिसायचं, माणसांची तोंडंसुद्धा. झारीनं पाणी मारलं की शेणखताचा ऊबदार वास उठायचा. गोदामावशी आणि तिच्या दोन सुना पिशव्या भरत बसायच्या. मावशी ओढ्याकाठची, जमीन टिचभर, विहीर मात्र जुनी आणि खोल. तिच्या सुना दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जायच्या आणि लेकरं मावशीच्या गळ्यात पडायची. नर्सरी लागली त्या साली त्या गेल्या नाहीत. मुकादमाचा माणूस दारात येऊन गेला, तर मावशीनं त्याला सांगितलं, ‘माझ्या सुनांना हितं काम हाय. जा तू.’ हे सांगताना ती इतकी ताठ बसायची, की मलाही उगाच ताठ बसावं लागायचं.

गेल्या साली गौरी जेवून गेल्या आणि पाठोपाठ तहसीलची जीप आली. पाणथळ जागांच्या हद्दी ठरवायचं काम निघालं होतं. जीपमधून तलाठीभाऊ उतरले आणि एक तरुण मॅडम. मॅडम चपला हातात घेऊन चिखलातून सरळ तळ्यापर्यंत गेल्या, पक्षी बघितले, लव्हाळी बघितली, मग वळून आमच्या खांबांकडं बघितलं. 

‘ताई, पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं, तिथवर तळ्याची हद्द,’ मॅडम म्हणाल्या. ‘हद्दीच्या आत भराव चालत नाही, पक्कं बांधकाम चालत नाही. हे खांब आत आले तर काढावे लागतील.’

‘मॅडम, हे खांब शेतीचेच हायत की. झाडं लावायलाव आमी, झाडं. गांजा न्हाई,’ मी म्हटलं. यांनी मला कोपरानं ढोसलं.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ‘झाडांचं कौतुकच आहे ताई. पण आज झाडांचे खांब, उद्या कुणाच्या तरी ढाब्याचे. एकाला सोडलं की तळं राहत नाही.’ मग तलाठीभाऊंकडं वळून त्यांनी विचारलं, हे तळं पूर्ण भरलं हे कळतं कसं? तलाठीभाऊ इथल्याच मातीतले. त्यांनी ओटीची पद्धत सांगितली. मॅडमना ती आवडली. ‘मग झालं तर. ताई, ओटी भरली की फोन करा. त्या दिवशी पाणी जिथं उभं असेल त्या कडेनं खुंट्या मारू.’

जीप गेली. हे नुसते खांबांकडं बघत राहिले. एकेक खांब ओळंब्यात घेताना यांनी जीव टाकला होता.

मग सुरू झालं ते माझं पाणी बघणं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. पितृपक्षात पाऊस रोज यायचा. फार नाही, पण नेमानं, लागून राहिलेल्या पाहुण्यासारखा. पाणी लव्हाळ्यात शिरलं, मग लव्हाळी बुडाली, मग बाभळीच्या बुंध्याशी आलं. नेटच्या खालच्या खांबापासून पाणी आता खाटेच्या लांबीवर होतं. उंबऱ्याचा दगड मात्र अजून वीतभर उघडा. मी मनात हिशोब मांडायचे आणि मोडायचे. उंबऱ्यावरून पाणी पडायचं तर ती वीत भरायला हवी, आणि ती वीत भरली तर पाणी नेटमध्ये येणार. आमची जमीन सपाट, इथं वीतभर पाणी चढलं की वावभर, दोन्ही हात ताणल्याएवढं, पुढं सरकतं.

बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेले, तर जो तो पावसाचं कौतुक करायलाय. भाजीवाली म्हणाली, ‘लय दिवसानं असा पाऊस बगितला बाई. ज्वारी सोन्यावानी येती औंदा.’ मी ‘हो ना’ म्हटलं आणि मेथीची जुडी उलटी धरून उभी राहिले. वाटेत पोखर्णीला जाणारी माणसं जीपमध्ये कोंबलेली दिसली. मलाही वाटलं, जावं, नरसिंहाला नवस बोलावा. पण काय बोलणार? देवा, पाऊस थांबव? या मुलखात देवाच्या कानावर असलं मागणं कधी आलं नसेल. तो उग्र देव, त्यानं मलाच विचारलं असतं, तुझं गाव कोणतं म्हणून. मी गेले नाही.

ओटीची गोष्ट आधी यांनीच काढली, आणि तीही थट्टेत. जेवताना म्हणाले, ‘वटी भरनारी आपलीच हाय की. भरून टाक लवकर.’ मी हसले. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले, आणि तेव्हा हसत नव्हते.

‘अगं, ऐक. उंबऱ्याकडं कोण बगतंय? मॅडमला काय मालूम? तू वटी भर, मी फोन करतो. आज पानी खांबाच्या भाईर हाय. खुंट्या भाईर लागत्यात. मग चढू दे कितीबी.’

‘आणि गाव?’

‘गाव आपलंच हाय. इचारलंय मी.’

ते खोटं नव्हतं. यांनी खरंच विचारलं होतं आणि कुणी नाही म्हटलं नव्हतं. बायकांना तर सगळं ठाऊक होतं. मी रात्रभर तळमळत राहिले. यात कुणाचं वाटोळं होणार होतं? पाणी पाण्याच्या ठिकाणी राहणार, बगळे बगळ्यांच्या. फक्त खुंट्या थोड्या खाली लागणार. सकाळी उठून मी खण काढला, नारळ काढला, गहू निवडले. हात आपोआप काम करत होते आणि छाती धडधडत होती. लग्नात बोहल्यावर जातानासुद्धा एवढी धडधडली नव्हती.

काठावर बायका जमल्या होत्या. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, तळ्यावर एक तरंग नाही. दर साली ओटीला केवढा कालवा असतो, गाणी, चेष्टा, कुणाचा तरी पाय घसरतो आणि सगळ्या खिदळतात. त्या दिवशी कुणी बोलेना. सगळ्यांच्या नजरा पलीकडं उंबऱ्यावर जायच्या आणि पटकन परत यायच्या. काळा दगड कोरडा दिसत होता, वर एक होला बसलेला.

मी पाण्यात पाय घातला. पाणी गार होतं. नारळ पुढं धरला आणि हात तिथंच थबकला.

‘भर गं,’ मागून गोदामावशी म्हणाली. ‘कामून थांबलीस?’

‘मावशी, दगडाला पाणी लागलं का तरी?’

‘न्हाई लागलं. तू भर.’

मी वळून तिच्याकडं बघितलं. सासूबाईंची ती गोष्ट माझ्यापेक्षा मावशीला पक्की ठाऊक. दोघी एकाच वयाच्या, एकाच काठावर धुणं धुतलेल्या. मी ती गोष्ट मानत नव्हते. मावशी मानत होती. आधी ओटी भरली की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं तर ओढा वाहत नाही, आणि ओढा वाहिला नाही तर पहिली कोरडी राहते ती मावशीची विहीर. हे सगळं मानून ती बाई मला ‘भर’ म्हणत होती.

‘आन् तुझी विहीर?’ मी विचारलं.

‘विहिरीचं बगू म्होरं. नर्सरी उठली तर सुना उसाला जात्याल. धाकटीला दिवस गेल्यात. असल्या पोटानं मोळ्या उचलील का ती? तू भर गं बाई, माझी फिकीर करू नको.’

धाकटी तिथंच उभी होती, पदर तोंडाशी धरून. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि मला डोळ्यांत पाणी आलं की राग येतो. हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

‘धाकटीची ओटी भरलीस का?’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘आजून कुटं. सातवा लागल्यावर भरीन.’

‘मग ह्या तळ्याच्या ओटीची कामून घाई लावलीस?’

 होला उडून गेला. मी नारळ पदरात बांधला आणि पाण्यातून बाहेर आले. मोठं सत्यवचनी वगैरे वाटलं म्हणून नाही. मावशीनं आपली विहीर माझ्या खांबांवरून ओवाळून टाकावी आणि मी ती मुकाट घ्यावी, हे मला सहनच झालं नाही. तिनं ‘नको भरू’ म्हटलं असतं, तर भांडण करून मी भरलीही असती कदाचित. कुणी सांगावं.

हे दुपारभर माझ्याकडं पाठ करून बसले. मग उठले आणि एकटेच रोपांच्या पिशव्या टोपल्यात भरून वर राईत नेऊ लागले. एक खेप, दुसरी खेप. मी टोपलं घेऊन मागं गेले. थोड्या वेळानं मावशी आली, तिच्या मागं थोरली सून, मग बाकीच्या बायका. सकाळी काठावर मुक्या उभ्या असलेल्या बायका आता चढावर एकमेकींना शिव्या देत, हसत पिशव्या वाहत होत्या. धाकटीला आम्ही चिंचेखाली बसवलं आणि रोपं ओळीनं मांडायला लावली. अंधारून आलं तेव्हा निम्मी नर्सरी वर होती. मग हस्ताच्या हत्तीनं सोंड उलटी केली.

सलग पाऊस पडला. उघडीप झाली तेव्हा उंबऱ्याच्या दगडाचा मागमूस नव्हता. त्यावरून पाणी पडतानाचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी खाली उतरले. पाणी नेटच्या आत आलं होतं, पार वरच्या खांबापर्यंत. राहिलेल्या पिशव्या बुडाल्या होत्या. आंब्याच्या कलमांचे नुसते शेंडे वर दिसत होते. नेटची हिरवी सावली पाण्यावर पडली होती आणि तिच्यात चिलटासारखे मासे फिरत होते. इतकं देखणं दिसत होतं मेलं, की काय सांगू. मी तिथं उभी राहून रडले. हे मागं येऊन उभे राहिले. ‘चल,’ म्हणाले, ‘वटी भरायची हाय ना? बायका आल्यात.’

ओटी आमच्याच नेटखाली भरली. पोटरीएवढ्या पाण्यात मी उभी, हाताला खांब. नारळ सोडला तो खांबांच्या दोन ओळींच्या मधून हळूहळू फिरत गेला. मावशीनं गाणं धरलं. मी पाण्याला हात जोडले खरे, पण मनातून म्हटलं, घे, घे सगळं, समाधान झालं का तुझं?

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. पाण्याच्या कडेकडेनं खुंट्या ठोकल्या. शेवटची आमच्या वरच्या खांबाच्याही वर लागली. हातोडीचा प्रत्येक घाव मला मोजता येत होता, पण मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. जाताना मॅडम थांबल्या. राईत झाडं न तोडता, खांब न रोवता रोपं ठेवलीत तर हरकत नाही, म्हणाल्या. ‘आणि ताई, फोन करायचा होता त्याच दिवशी केलात.’ त्यांना कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं. मी म्हटलं, ‘चहा घेऊन जावा.’ 

पाणी उतरल्यावर यांनी खांब उपटले. सिमेंटचे गड्डे फोडताना पहारेचा आवाज राईत घुमायचा, आणि मी घरात भांडी जोरात घासायचे. कलमं गेली ती गेलीच. जांभळाची आणि करंजाची रोपं मात्र गळ्यापर्यंत पाण्यात राहूनही जगली. पण अर्ध्यामुर्ध्या रोपांवर कितीजणींना काम देणार? दसरा झाला आणि थोरली गेली ऊस तोडायला. धाकटी राहिली. मी गाडीपाशी गेले होते. थोरली वर चढून बसली, लेकराला मावशीच्या कडेवर दिलं, आणि मलाच म्हणाली, ‘वैनी, रोपं संबाळा. पुढल्या साली मी हितंच हाय बगा.’ ते वाक्य मला उन्हाळाभर पुरलं.

मावशीची विहीर मात्र काठोकाठ भरली. ज्वारी अशी आली की बाहेरची माणसं बघायला थांबायची. धाकटीला मुलगी झाली. आता ती राईत झोळीत झोपते, चिंचेला बांधलेल्या.

नर्सरी आता झाडांखाली आहे. तिथली सावली जागा बदलते, तिच्या मागं पिशव्या सरकवाव्या लागतात. करंजाखाली जास्वंद, हिवराखाली शेवगा, चिंचेखाली काही नीट येत नाही. पानगळ झाली की आपोआप ऊन येतं, जेव्हा हवं तेव्हाच येतं. हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो. पाणी घ्यायचं ते राईच्या कडेच्या आडातून, आणि आडाला पाझर तळ्याचा. तळं भरलं तर आड उन्हाळ्यापर्यंत पुरतो, आणि आड पुरला तर थोरलीला काम आहे. इतकं साधं आहे सगळं. आणि इतकं ते माझ्या हातात नाही.

यंदा पाऊस रुसलाय. आभाळ येतं, काळं होतं, आणि वालूर-सेलूच्या बाजूला निघून जातं. मुकादमाचा माणूस गावात फिरायलाय. काल तो मावशीच्या दारात बसलेला दिसला. मावशीनं त्याला ‘जा’ म्हटलं नाही. पाणी प्यायला दिलं.

आज सकाळी खुंटीपाशी गेले तर थोरली आधीच तिथं उभी. मला बघून ओशाळली. ‘सहज आले हुते,’ म्हणाली. दोघी उभ्या राहिलो. लांब चिखलाच्या पलीकडं पाणी चकाकत होतं, ताटलीत उरलेल्या वरणाएवढं. तिनं विचारलं, ‘वैनी, येईल का हितवर?’

गेल्या साली हीच खुंटी मला कुणी छातीत ठोकल्यासारखी वाटली होती. मी वाकून तिच्या बुडाच्या मुंग्या हातानं झाडल्या, भिजायच्या आधी त्यांनी दुसरीकडं जावं म्हणून. खण आणि नारळ घरात काढून ठेवलेत. हस्त अजून सरलेला नाही.

‘ये की गं बाई,’ मी तळ्याला म्हटलं. मनात नाही, मोठ्यानं, थोरलीच्या देखत. ‘किती वाट बघायची? ये हितवर.’